‘लिनक्स आपल्या दुकानासाठी नाही’? मेसेजमधला एकेक मुद्दा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जुना कॉम्प्युटर आता भंगार, नवा घ्या. लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या, नादी लागू नका, ते इंजिनिअर लोकांचं काम. त्यात मराठी टाइप होत नाही, प्रिंटर चालत नाही, कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) सगळ्यांना उघडा असल्याने हॅकरला रान मोकळं, आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तर विसराच.

टॅलीचं बरंचसं खरं आहे. बाकीचं पाहू.

‘जुना कॉम्प्युटर भंगार.’ विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून २०१६ सालचं धडधाकट मशीनही नापास होतं. लिनक्सच्या ‘मिंट’ या प्रकाराला किमान २ जीबी रॅम पुरते, ४ असेल तर काम सुखाने होतं, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. सोबत जुन्या हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी बसवलीत तर मशीन पळेल, पण त्याचं श्रेय एसएसडीला द्या.

‘इंजिनिअर लोकांचं काम.’ केरळच्या सरकारी शाळांतली मुलं उबुंटू या लिनक्सवर बेतलेली सिस्टीम वर्षानुवर्षं वापरताहेत. एमएस-सीआयटी विंडोजवर केलेल्या माणसाची सुरुवातीला चिडचिड होईल, हे मान्य. पण पेन ड्राइव्हवरून सुरू करून, हार्ड डिस्कला हात न लावता, आधी वापरून बघता येतं.

‘मराठी टाइप होत नाही.’ होतं. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड निवडायचा की झालं. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमधल्या जुन्या फाइली असाव्यात. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नसतात, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तिथे गिचमीड दिसते, अगदी विंडोजवरसुद्धा. लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्याने मात्र पेजमेकरचं मशीन आहे तसंच ठेवावं, असं माझं स्पष्ट मत.

‘प्रिंटर चालत नाही.’ कुठला प्रिंटर, ते सांगा. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. दुकानोदुकानी दिसणारा लेझरजेट १०२० सुद्धा चालतो, फक्त त्याला एचपीचं वेगळं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) उतरवून द्यावं लागतं. ते दिलं नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, जॉब गेला असंही वाटतं, पण कागद काही बाहेर येत नाही. लोक इथेच वैतागून लिनक्स काढून टाकतात. कॅननचा एलबीपी २९०० मात्र खरोखर डोकेदुखी आहे. त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) कधी लागतो, कधी अपडेटनंतर रुसतो. तुमच्या टेबलावर तोच असेल तर मेसेजवाल्याला या मुद्द्याचे पूर्ण गुण. म्हणून कुठलं लिनक्स घ्यायचं हे ठरवण्याआधी प्रिंटरचं मॉडेल वाचा.

‘हॅकरला रान मोकळं.’ मार्च २०२४ मध्ये लिनक्समधल्या एक्सझेड नावाच्या छोट्या घटकात चोरदरवाजा घुसवलेला सापडला, हे खरंच. पण पकडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, कोड उघडा असल्याने तो मुळाशी जाऊ शकला, आणि बहुतेकांच्या मशीनवर पोचण्याआधीच प्रकरण उघडं पडलं. (फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, ही गंमत वेगळीच.) उलट हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांचं विंडोज अँटिव्हायरस बंद करून, कुठल्याशा ॲक्टिव्हेटरने (विनापरवाना विंडोज चालू करणाऱ्या प्रोग्रामने) चालू केलेलं असतं. त्या ॲक्टिव्हेटरचा कोड कोणी वाचलाय?

‘टॅली विसरा.’ टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतं म्हणणारे भेटतील, पण हिशेबाच्या डेटावर असले प्रयोग करू नयेत. टॅलीचं एक मशीन विंडोजवर ठेवा. मेल, ब्राउझर, पत्रं, कोटेशन यांची मशीन बदला. जीएसटी रिटर्न प्रोप्रायटरला ओटीपीवर भरता येतं, कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) डिजिटल सही लागते. त्या सहीचं यूएसबी टोकन टॅलीच्याच मशीनला लावलेलं राहू द्या.