घुटना मोडो!

आमच्या घरात गोल्फ शिरला तो साडूच्या बुटांतून. आंब्याची पहिली पेटी फुटली त्या रविवारी तो पांढरेशुभ्र, तळाला रबरी काटे असलेले बूट घालून जेवायला आला आणि ते दारात असे काढून ठेवले की आल्यागेल्याला दिसावेत. सासूबाईंनी त्यातला एक उलटा करून पाहिला आणि विचारलं, "भाताच्या खाचरात घालायचे का हो हे?"

साडू हिंजवडीत मोठा साहेब आहे. "गोल्फ हा नुसता खेळ नाही," रसाची तिसरी वाटी पुढे ओढत तो म्हणाला, "ओळखी वाढतात." माझ्या आहेत त्याच ओळखी मला झेपत नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरीला चुकवण्यासाठी मी गेली चार वर्षं मागच्या जिन्याने ये-जा करतो. पण बायको ज्या नजरेने बहिणीच्या नवऱ्याकडे पाहत होती ती मला सहन झाली नाही आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाही बरेच दिवस खेळायचंच होतं."

मे महिन्यात गुलमर्गला जायचं ठरलं. बायकांना काश्मीर हवं होतं, मुलांना गोंडोला म्हणजे तारेवरून डोंगरावर जाणारा पाळणा, सासूबाईंना टेकडीवरचं शंकराचं देऊळ आणि साडूला गोल्फचे अठरा होल. मला काय हवंय हे कोणी विचारलं नाही, त्यामुळे सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. सिंहगडाच्या डोक्यावर दुसरा सिंहगड ठेवला की जेवढं होईल तेवढं. तिथे जिना चढून खोलीत गेलं तरी माणूस आधी पलंगावर बसतो आणि मग बॅग उघडतो. असल्या हवेत मैलोन्‌मैल चालत चेंडू बडवायची कल्पना अर्थातच इंग्रजांची. १८९०-९१ मध्ये कर्नल नेव्हिल चेंबरलेन यांनी इथे सहा होलचं मैदान आखलं. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन वेगळे. या कर्नलसाहेबांनी त्याआधी, १८७५ मध्ये, जबलपूरला असताना स्नूकर हा खेळ काढला होता. म्हणजे टेबल असो वा डोंगर, चेंडू भोकात घालवल्याशिवाय या गृहस्थाला अन्न गोड लागत नसावं.

मैदान मात्र देखणं होतं. हिरवीगार उतरण, मधून खळाळणारा ओहोळ, पलीकडे पाईनची गर्द रांग आणि तिच्यामागे अफरवटचा बर्फाळ माथा. इथे सतरंजी पसरून बटाट्याची भाजी आणि पुऱ्या खाव्यात असंच कोणत्याही सुज्ञ माणसाला वाटेल. पण आमच्यासमोर काठ्यांची पिशवी येऊन पडली. नियमाने पिशवीत चौदा काठ्या चालतात. चौदा विद्या म्हणतात त्या याच असाव्यात, कारण मला त्यातली एकही येत नव्हती.

खेळ वरवर फार सोपा. जेमतेम ४६ ग्रॅमचा चेंडू सव्वाचार इंच रुंद भोकात घालायचा. चेंडू कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही, तो बिचारा समोर गप्प पडून असतो. यातच खरी गोम आहे. क्रिकेटमध्ये हुकलं तर चेंडू वळला म्हणता येतं, अंपायरला नावं ठेवता येतात. इथे तुम्ही, काठी आणि हलायलाही तयार नसलेला चेंडू. दोष द्यायला चौथं कोणी नाही.

आमचा कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणारा माणूस, काश्मिरी होता आणि अतिशय सभ्य होता. मी पहिल्यांदा काठी फिरवली तेव्हा चेंडू जागेवर राहिला आणि वीतभर हिरवळ उडून साडूच्या पांढऱ्या बुटावर पडली. कॅडी म्हणाला, "सर, सर मत उठाओ." मला वाटलं लाडाने दोनदा सर म्हणतोय. मी आणखी ताठ झालो. दुसऱ्यांदाही हुकलं. "सर, सर नीचे!" मग साडूने भाषांतर केलं : चेंडू मारेपर्यंत डोकं वर करायचं नाही. हवेत फिरलेली काठीसुद्धा मोजायची असते, हेही त्याने त्याच दमात आणि बऱ्याच आनंदाने सांगितलं.

चार फटक्यांत संपवायच्या त्या होलला माझे सोळा झाले. गोल्फमध्ये ज्याचे आकडे कमी तो हुशार. शाळेत मी आयुष्यभर कमी आकडे आणले तेव्हा हा नियम कोणाला सुचला नाही.

पण एक फटका बसला. आता खोटं कशाला बोलू, तसा फटका साडूला अजून बसलेला नाही. तिसऱ्या होलला मी वैतागून सगळी शिकवण बाजूला ठेवली आणि लहानपणी वाड्याच्या बोळात विटी कोलून हाणायचो तशी काठी हाणली. 'टक्' असा सुरेख आवाज झाला. उंचावर हवा विरळ, त्यामुळे चेंडू खालच्यापेक्षा लांब जातो म्हणतात. हा तर निघालाच. ओहोळावरून गेला, पाईनच्या दोन जुळ्या झाडांकडे वळला. मागून साडू जिवाच्या आकांताने ओरडला, "फोर! फोर!"

मी काठी उंचावून चारी दिशांना अभिवादन केलं. बायकोच्या दिशेने जरा जास्त वेळ.

गोल्फमध्ये 'फोर'चा अर्थ 'डोकी सांभाळा, चेंडू येतोय' असा असतो हे मला नंतर कळलं. तोपर्यंत जुळ्या झाडांखाली एक घोडेवाला घोड्याच्या पोटाशी लपला होता आणि घोडा माझ्याकडे रोखून पाहत होता.

चेंडू काही सापडला नाही. नियमाप्रमाणे तीन मिनिटं शोधायचं आणि सोडून द्यायचं. पण चेंडू भाड्याचा होता, हरवला म्हणून दीडशे रुपये द्यावे लागतील असं कॅडीने सांगितलं आणि ते सासूबाईंनी ऐकलं. छत्रीच्या टोकाने गवत उसकत त्यांनी चाळीस मिनिटं दोन्ही झाडांचा बुंधा न् बुंधा पालथा घातला. मागची मंडळी खोळंबली. कोणीतरी इंग्रजीत काहीतरी म्हणालं, सासूबाई मराठीत काहीतरी म्हणाल्या आणि ते लोक आम्हाला वळसा घालून पुढे गेले. शेवटी मी दीडशे रुपये दिले. परतीच्या प्रवासात, विमानात, पुण्यात उतरल्यावर आणि पुढे गणपतीपर्यंत सासूबाई अधूनमधून उसासा टाकत. "दीडशे रुपयांत चार नारळ आले असते."

साडूचं एवढ्यावर भागलं नाही. "गुलमर्गची खरी मजा हिवाळ्यात," तो म्हणाला, आणि २०२४ च्या जानेवारीत सहकुटुंब स्कीइंगला गेला. २१ डिसेंबर ते २९ जानेवारी हे चाळीस दिवस म्हणजे काश्मीरचं चिल्लई कलान, ऐन कडाक्याची थंडी. त्या वर्षी थंडी होती, पण जानेवारी संपत आला तरी गुलमर्गला बर्फाचा पत्ता नव्हता. त्याचे फोटो आले. त्याच मैदानावर, पिंगट वाळक्या गवतात, भाड्याचा लाल झगझगीत स्कीसूट घालून साडू उभा. आमच्या घरात तो फोटो तीन दिवस हातोहात फिरला. मी फार वाईट वाटल्याचं कळवलं.

इथेच थांबलो असतो तर आज जिना धड उतरता आला असता. पण महिनाअखेरीस तिथे बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीत बायको म्हणाली, "त्यांना नाही जमलं, आपण दाखवू जमवून." साडूला हरवायची संधी आयुष्यात फार वेळा येत नाही. आम्ही निघालो. सासूबाईही निघाल्या. गेल्या वेळी देवळात घाईघाईत दर्शन झालं होतं, म्हणाल्या.

पायथ्याच्या टंगमर्गला आपली गाडी सोडून चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीत बसायचं आणि लांब कोट व गमबूट भाड्याने घ्यायचे. माझ्या कोटाला आधीच्या निदान सहा राज्यांतल्या पर्यटकांचा वास होता आणि खिशात कोणाचं तरी अर्धं पारले-जी. वर पोहोचलो तर मैदान ओळखू येईना. मे महिन्यातला तो हिरवा गालिचा कोणीतरी उचलून नेला होता आणि त्या जागी नुसता पांढरा उजेड अंथरला होता. त्याच महिन्याच्या २१ तारखेपासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ व्हायचे होते, त्यामुळे अंगाला चिकटलेल्या कपड्यांतली तरणीताठी मुलं वरून सूं करत येत आणि आमच्या पुढ्यात बर्फाचा फवारा उडवून थांबत. ते पाहून मला काय वाटलं देव जाणे, मी स्कीच्या दुकानात शिरलो.

दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "वजन कितना?"

बायको शेजारीच उभी होती. माझं खरं वजन ८६. मी म्हणालो, "चौऱ्याहत्तर." बायकोने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. दुकानदाराने स्क्रू-ड्रायव्हरने स्कीवरचा खटका फिरवून दिला. हे वजन आपुलकीने विचारत नाहीत हे मला कुठे ठाऊक? पडल्यावर पाय मुरगळू नये म्हणून स्की बुटापासून सुटून यावी लागते आणि ती किती जोर लागल्यावर सुटायची हे वजन बघून लावतात. कमी वजन सांगितलं तर ती जराशा धक्क्याने निघून येते. पुढच्या दोन तासांत माझी स्की अकरा वेळा सुटली आणि प्रत्येक वेळी बायको लांबून ओरडली, "बारा किलो!"

बूट चढवणं हाच एक वेगळा व्यायाम. ते प्लास्टिकचे, नडगीपर्यंत कडक आणि चार खटक्यांनी आवळलेले. प्लास्टर घातलेल्या पायांनी चालावं तसं खडंग खडंग करत मी उतारापर्यंत गेलो. तोवर दहा वर्षांची आमची लेक दोनदा खाली जाऊन आली होती. प्रशिक्षकाने मला स्कीची टोकं जवळ आणि मागच्या बाजू फाकवून ठेवायला सांगितल्या, इंग्रजी 'व्ही' उलटा धरल्यासारख्या. वेग कमी करायचा हाच एक उपाय. लेकीने लगेच त्याला नाव दिलं. मी जरा घसरायला लागलो की ती खालून किंचाळायची, "बाबा, पिझ्झा! पिझ्झा करा!"

कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत माकडटोपी घालून कहवा पीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच तर जेवलाय ना तो?"

घाबरलेला माणूस मागे रेलतो. स्कीवर मागे रेललं की वेग वाढतो, वेग वाढला की माणूस आणखी घाबरतो आणि आणखी रेलतो. त्यामुळे प्रशिक्षक एकच मंत्र ओरडत होता, "साहब, घुटना मोडो! घुटना मोडो!"

सासूबाईंच्या हातातला कहवा हिंदकळला. त्या खुर्चीतून उठल्याच. "अगं ए, ऐकतेस का? तो मेला ह्यांचा गुडघा मोडायला सांगतोय!"

"आई, हिंदीत मोडो म्हणजे वाकवा," बायको म्हणाली.

"मग वाकवा म्हणायला काय होतं त्याला? एकदा मोडून बसले म्हणजे पुण्यापर्यंत कोण उचलून नेणार?"

मी हे सगळं ऐकत होतो, कारण मी त्यांच्यासमोरच आडवा होतो. पण एकदा गुडघे खरोखरच वाकले, नडगी बुटावर टेकली, पिझ्झा झाला आणि मी सुमारे वीस पावलं अंतर कोणाच्याही आधाराशिवाय सरळ गेलो. फारच छान वाटलं. गार वारा गालाला लागत होता, पायाखाली बर्फ चुर्रर्र वाजत होता. साडूला पाठवायच्या व्हिडिओसाठी मी बायकोकडे पाहून हात हलवला.

डोकं वर करायचं नाही हे मला कॅडीने सांगून ठेवलं होतं.

पिझ्झा मोडला, दोन्ही स्की समांतर झाल्या आणि उतार एकदम लांबच लांब दिसायला लागला. मागून प्रशिक्षकाचा आवाज येत होता, "मोडो! मोडो!" समोर दोन बायका स्लेजवर बसून चालल्या होत्या. त्यांना सावध कसं करावं सुचेना तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "फोर! फोर!" स्लेज ओढणारा बाजूला झाला. चढाला लागून डावी स्की सुटली, मग उजवी सुटली, आणि उरलेले ८६ किलो एकटेच पुढे जाऊन भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुतले.

मी डोळे उघडले तर डोक्यावर पाईनची दोन झाडं होती. जुळी. बर्फाखाली ओहोळाचा बारीक आवाज येत होता आणि थोड्या अंतरावर एक घोडा उभा होता. तोच होता असं मी म्हणत नाही, पण बघत मात्र तसाच होता.

प्रशिक्षक धावत आला. लेक घसरत आली. बायको फोन तसाच चालू ठेवून आली. सगळ्यांच्या मागून, गमबुटांत बर्फ भरत, छत्री टेकत टेकत सासूबाई आल्या. त्यांनी झाडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा झाडांकडे पाहिलं.

"जावईबापू, लागलं नाही ना फार?"

"नाही आई."

"मग लगेच उठू नका," असं म्हणून त्यांनी छत्रीचं टोक माझ्या शेजारी बर्फात खुपसलं. "आत आहातच, तर जरा हात घालून चाचपा. इथेच कुठेतरी पडलाय तो."