दोमिए नासपतीमुळे तुरुंगात गेला नाही

‘फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिएने राजा लुई-फिलिपला नासपती करून दाखवलं, ते कोरीव चित्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि राजाने त्याला तडकाफडकी तुरुंगात डांबलं’ असा मजकूर सध्या फिरतोय. सोबत लावलेलं चित्र मात्र दोमिएचं ‘गार्गांत्वा’ आहे (गार्गांत्वा म्हणजे जुन्या फ्रेंच कथेतला खादाड राक्षस).

नासपतीची कल्पना ‘ला कारिकात्यूर’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक चालवणाऱ्या शार्ल फिलिपाँची. राजाच्या अपमानाच्या खटल्यात, नोव्हेंबर 1831 मध्ये, त्याने भर कोर्टात चार रेखाटनं काढली. पहिल्यात राजा, चौथ्यात निव्वळ फळ; मग गुन्हा नेमका कुठल्या रेखाटनात, असा त्याचा सवाल. तरी त्याला शिक्षा झालीच.

दोमिएला भोवलं ते डिसेंबर 1831 चं ‘गार्गांत्वा’. त्यात राजाचं डोकं नासपतीसारखं आहे, हे खरं. पण झोंबलं ते खालचं. जिभेसारख्या लांब फळीवरून हमाल नाण्यांच्या टोपल्या थेट तोंडात रिकाम्या करताहेत. उजवीकडे फाटके लोक आणि तान्ह्याला घेतलेली बाई. आणि राजाचं सिंहासन म्हणजे शौचाची खुर्ची! तिच्याखालून पडतात पदव्या आणि मानसन्मानाचे कागद.

‘वर्तमानपत्रात छापून आलं’ हेही चूक. तो सुटा छाप होता, चित्रांचे छाप विकणाऱ्या ओबेरच्या दुकानाच्या काचेत लावलेला. पोलिसांनी तो जप्त केला. ज्यावरून तो छापला तो दगड आणि छाप नष्ट करण्याचा हुकूम निघाला. म्हणून मूळ छाप आज दुर्मीळ आहेत.

‘कोरीव’ तर मुळीच नाही. हा शिळाछाप. (मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये काढलेलं पंचांगही शिळाछापच.) घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने उलटं चित्र काढायचं, वरून डिंक आणि सौम्य नायट्रिक आम्ल लावायचं. आम्ल कडक झालं तर खडूचे बारीक ठिपके जळतात, करड्या छटा जातात. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा: शाई तेलकट रेघांनाच धरते. दगड मधेच सुकला तर कोरी जागाही काळी होते. भिंगातून पाहिलं तर रेघ सलग नसते, रवाळ दिसते.

राहिलं ‘तडकाफडकी’. फेब्रुवारी 1832 मध्ये कोर्टाने दोमिए, ओबेर आणि मुद्रक देलापोर्त यांना सहा महिने कैद आणि 500 फ्रँक दंड ठोठावला. दोमिएची शिक्षा आधी स्थगित होती. तो थांबला नाही, चित्रं काढतच राहिला. ऑगस्टअखेरीस पकडून त्याला पॅरिसमधल्या सांत-पेलाजीच्या तुरुंगात टाकलं.