‘चार तत्त्वांवरून स्वभाव’ या संदेशाबाबत खुलासा
पृथ्वी, जल, अग्नी व वायू यांवरून स्वभाव ओळखण्याची पद्धत चरकसंहितेतली असून ती विज्ञानाने सिद्ध केली आहे, असा संदेश नागपुरात फिरत आहे. धरमपेठेतील आमच्या गटात तो मीच पाठवला होता. चरकसंहिता उघडून पाहिली, तेव्हा चूक ध्यानात आली: तिथे आकाशासह पाच महाभूते आहेत आणि प्रकृतीचा विचार वात, पित्त, कफ यांवरून होतो. चार तत्त्वे इ.स.पू. ५व्या शतकातील ग्रीक विचारवंत एम्पेडोक्लीसची, तर चार स्वभावांची मांडणी २ऱ्या शतकातील वैद्य गॅलेनच्या परंपरेतली. (ग्रीक वैद्यक शरीरात जे चार द्रव मानत असे, त्यांतही कफ व पित्त येतात, घोटाळा बहुधा तिथेच झाला असावा.) आजचे मानसशास्त्र ही विभागणी प्रमाण मानत नाही. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याखाली हा खुलासा जोडावा.