बाळ रात्री उठतं म्हणजे उपाशी असतं, असं कोण म्हणालं?

घरात तान्हं बाळ असलं की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज येतोच: "चार महिन्यांचं बाळ रात्री उठतंय म्हणजे आईचं दूध पुरत नाहीये. झोपताना बाटलीतून नाचणीसत्त्व द्या, जायफळाचे चार वेढे द्या, दुपारी झोपू देऊ नका, मोहरीची उशी घेऊन पालथं झोपवा. आठवड्यात रात्रभर झोपेल."

आधी ते उपाशीपणाचं बघू. लहान बाळाची झोपेची सायकल तासाभराच्या आतच संपते आणि प्रत्येक सायकल संपली की आपण सगळेच जरासे जागे होतो, आपण कूस बदलून परत झोपतो, बाळाला ते अजून जमत नाही म्हणून ते रडतं, बास. कॅनडातल्या 2018 च्या एका अभ्यासात सहा महिन्यांची 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती आणि त्यामुळे त्यांचा विकास कुठे मागे पडलाय असं काही दिसलं नाही. दूध पुरतंय का हे वजनावर आणि दिवसभरातल्या ओल्या लंगोटांवर ठरतं, सासूबाईंना वजनाचं कार्ड दाखवा, वाद घालत बसू नका.

नाचणी उत्तमच, पण सहा महिन्यांनंतर आणि वाटीचमच्याने. खरं सांगायचं तर लवकर वरचं खाणं दिल्याने झोप थोडी वाढते, ब्रिटनमध्ये तशी ट्रायल झालीये, पण फरक किती, तर रात्रीला जास्तीत जास्त 16-17 मिनिटं! तेवढ्यासाठी आडव्या बाळाच्या तोंडात घट्ट पेजेची बाटली? ठसका लागला म्हणजे?

जायफळाचा मात्र मला रागच येतो. सहाणेवर आजीचा वेढा वेगळा, मावशीचा वेगळा, माप कुणाकडेच नाही, आणि त्यातलं मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य जास्त झालं की गुंगी येते, ठोके वाढतात. सुस्त पडलेल्या बाळाला आपण "छान झोपलंय" म्हणतो. झोपेसाठी सर्दीचं सिरप पाजणारेही आहेत, क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलेफ्रिन ही दोन द्रव्यं एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं आपल्याच औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये सांगितलंय.

दुपारची झोप तोडली तर बाळ दमून आणखी किरकिरं होतं, चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. फार तर संध्याकाळी उशिराची डुलकी आवरती घ्या.

उशी आणि पालथं झोपवणं, हे अजिबात नाही. वर्षाच्या आत उताणंच, सपाट गादीवर, उशीशिवाय. अमेरिकेत 1994 पासून उताणं झोपवायची मोहीम चालली आणि झोपेतले अचानक मृत्यू निम्म्यावर आले.

मग करायचं काय? रोज तोच क्रम, अंग पुसणं, दूध, अंगाई, दिवा बंद. रात्री दुधाला उठलं तर ट्यूबलाईट लावू नका, झिरोचा बल्ब पुरे, गप्पा नकोत, आणि डोळे जड झाले की पूर्ण झोपायच्या आधीच पाळण्यात ठेवून बघा, एखाद्या दिवशी जमेल, एखाद्या दिवशी नाही. पहाटेची एक पाळी बाबांनी घ्या. आणि बाळ रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा वजनच वाढत नसेल तर सरळ डॉक्टरकडे जा.