शाळा पूर्वीसारखी राहिली नाही म्हणे

परवा आमच्या शाळेत बक्षीस समारंभ होता आणि माजी विद्यार्थी म्हणून मला पाहुणा बोलावलं होतं. शाळेचं नाव लिहीत नाही. पेठेतली, मराठी माध्यमाची, अनुदानित. ओळखणारे ओळखतील.

आमच्या १९९३ च्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर महिन्यातून एकदा तरी कोणीतरी लिहितं, "शाळा आता पूर्वीसारखी राहिली नाही रे." मग अंगठे, हात जोडलेले इमोजी, कुणाकडून तरी आलेला स्नेहसंमेलनाचा पिवळा पडलेला फोटो, आणि शेवटी रविवारी मिसळ कुठे खायची यावर गाडी येते. अंगठा देणाऱ्यांत मीही असायचो.

पुण्यात शाळेचा अभिमान सनावळीने मोजतात. न्यू इंग्लिश स्कूल १८८०, हुजूरपागा १८८४, आणि या सगळ्यांच्या आधी १८४८ साली भिडे वाड्यात भरलेली जोतीराव-सावित्रीबाईंची मुलींची शाळा. आमची शाळा या पंगतीत बसण्याइतकी जुनी नाही, पण तोरा तोच. तो अंगात भिनलेला असल्यामुळे मी भाषणाला उभा राहिलो आणि आमच्या वेळी बोर्डाच्या गुणवत्ता यादीत शाळेची मुलं कशी यायची, पेपरात पेढा भरवतानाचे फोटो कसे छापून यायचे, ते रंगवून सांगितलं. समोर शांतता. मला वाटलं, भारावली मुलं. बसल्यावर शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "सर, गुणवत्ता यादी म्हणजे काय ते यांना माहीत नाही. ती बंद झाली तेव्हा यातलं कोणी जन्मलंही नव्हतं."

मग बक्षिसं सुरू झाली. "एनएमएमएस शिष्यवृत्ती, इयत्ता आठवी" (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) असं पुकारलं आणि एकामागून एक सात मुलं व्यासपीठावर आली. आता मला विचारावं लागलं, ही कुठली परीक्षा? आपल्याला चौथी-सातवीची स्कॉलरशिप माहीत, जी मध्यंतरी पाचवी-आठवीला गेली होती. ही वेगळी. केंद्र सरकारची, आठवीत द्यायची. बौद्धिक क्षमतेचा एक पेपर, शालेय विषयांचा दुसरा, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित हवी. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. चार वर्षांचे ४८ हजार. बाई हे सांगत होत्या आणि मी मनात हिशोब करत होतो की माझ्या मुलाच्या क्लासची एका वर्षाची फी याहून जास्त आहे.

त्या सातांतली एक मुलगी प्रमाणपत्र घ्यायला आली तेव्हा तिच्या कोपराला हळद लावलेली दिसली. मी विचारलं, काय झालं? "खो-खो," एवढंच म्हणाली. पर्वतीजवळच्या जनता वसाहत या झोपडपट्टीतून येते. बस वेळेवर आली तर बसने, नाहीतर चालत. आई चार घरची कामं करते. अर्ध्या तासाने १४ वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघाला बोलावलं तर पुन्हा तीच पुढे. पाहुण्यांसोबत एकच मुलगी दोनदा आली की फोटोत घोळ होतो, त्यामुळे फोटोग्राफर जरा वैतागला.

चहाच्या वेळी बाईंना गाठलं. तयारी कधी घेता? सकाळी साडेसातला, म्हणाल्या. बुद्धिमत्तेचा पेपर त्या घेतात, आणि गणित कोण घेतं? तर मागच्या वर्षी शिष्यवृत्ती लागलेल्या नववीच्या दोन मुली. फळ्यावर उदाहरण सोडवताना चुकल्या की खालची पोरं ओरडून सांगतात. निकालानंतरचं काम आणखी किचकट. आधारवरचं नाव आणि बँकेच्या पासबुकातलं नाव जुळेना, म्हणून बाई दोन शनिवार पालकांबरोबर बँकेत रांगेत उभ्या होत्या. यातलं काहीही दहावीच्या निकालाच्या फ्लेक्सवर येत नाही. (फ्लेक्सवर येते ती ९६ टक्क्यांची मुलगी. तीच शाळेच्या फ्लेक्सवर, तीच क्लासच्या फ्लेक्सवर, आणि तीच चौकात भावी नगरसेवकाच्या शेजारी, त्याच्याहून लहान आकारात.)

चित्रकलेचंही तसंच. कलाशिक्षक निवृत्त झाले, जागा भरली नाही. तरी यंदा इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेला मुलं बसली, दोघांना ए ग्रेड मिळाली, म्हणजे दहावीला प्रत्येकी ७ वाढीव गुण. शिकवलं कोणी? तेच निवृत्त सर. शनिवारी पीएमपीने येतात, स्वतःचे ब्रश घेऊन.

आता जे बोलायचं ते बोलतो. आमच्या ग्रुपवर ४७ जण आहेत. त्यातल्या एकाचंही मूल या शाळेत शिकलेलं नाही. माझंही नाही. इंग्रजी माध्यम, घराजवळची शाळा, बायकोचं आणि माझं ऑफिस, कारणं सगळी खरी आहेत आणि मला त्याबद्दल कोणी धारेवर धरावं असंही वाटत नाही. पण आपण मुलं पाठवली नाहीत म्हणून पट घसरला. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवतात त्यात, शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि रिकाम्या जागा रिकाम्याच राहतात. आणि मग आपणच गळा काढायचा की शाळा पूर्वीसारखी राहिली नाही? आपण याद्यांत जी आडनावं शोधतो ती आता तिथे नाहीत, एवढाच अर्थ आहे त्या वाक्याचा. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण परवापासून तेच डोक्यात आहे. आम्हाला घरी अभ्यासाची खोली होती, आजोबा श्लोक म्हणून घ्यायचे, डबा गरम असायचा. तेवढ्यावर आम्ही जे केलं त्यापेक्षा त्या सात पोरांनी जास्त केलंय असं माझं मत आहे. ग्रुपवर हे लिहिलं तर दोघांनी अंगठा दिला आणि एकाने फ्लेक्सचं डिझाइन टाकलं. त्यात "सौजन्य : १९९३ बॅच" हे मुलांच्या नावांपेक्षा मोठं आहे.

समारंभ संपल्यावर मुख्याध्यापकांना विचारलं, आम्ही काय देऊ? प्रोजेक्टर? सर हसले. प्रोजेक्टर आधीच्या दोन बॅचनी दिलेत. "खो-खोच्या मुलींना विचारा," म्हणाले.

खो-खोचे नियम १९१४ साली पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले असं आपण अभिमानाने सांगतो. आमच्या शाळेच्या पटांगणात पूर्ण मैदान बसत नाही. खेळाडू बसतात त्या आडव्या पाट्या आठऐवजी सहाच आखून पोरी सराव करतात, आणि खांबावर सूर मारताना फरशीच्या कडेला कोपर लागतं. हळदीचा उलगडा तिथे झाला.

बाहेर आलो तर पाच-सहा मुली रेषा आखायच्या फक्कीचा डबा घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. पटांगणात पाहुण्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या गाड्या. माझ्या गाडीचं पुढचं चाक बरोबर मधल्या रेषेवर. हळदीच्या कोपराची ती पुढे आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, गाडी काढताय ना?"