फक्त एक आकडा तर बदलायचाय

आमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या, लोखंडी शेडची ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसात सगळ्यात भीतीदायक वाक्य कोणतं, तर "फक्त एक आकडा तर बदलायचाय!" ते नेहमी साहेब म्हणतात, नेहमी क्लायंटसमोर म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

या वेळचा क्लायंट दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार. बागेला लागून पॅकहाउस, प्री-कूलिंग आणि वर लोखंडी शेड. गाळा, म्हणजे समोरासमोरच्या खांबांमधलं अंतर, 18 मीटरचा ठरला, ड्रॉइंग निघाली, आणि मग त्यांच्या मेहुण्यांनी ती बघितली. मेहुणे म्हणाले, "कंटेनर आत वळला पाहिजे." न्हावाशेव्याला जायचा चाळीस फुटी कंटेनर शेडच्या आत कशाला वळवायचा, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. मेहुण्यांचं म्हणणं हाही एक लोडच असतो. लोड किती धरायचे ते सांगणाऱ्या आयएस 875 मध्ये तो दिलेला नाही एवढंच, डिझाइनला धरावाच लागतो. गाळा 21 मीटर झाला.

गाळा वाढला की राफ्टरची, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिरप्या तुळईची, डेप्थ वाढते. डेप्थ वाढली की राफ्टरच्या टोकाची एंड प्लेट उंच होते, बोल्ट सरकतात, 20 मिलिमीटरचे बोल्ट 24 चे होतात. 24 च्या बोल्टला भोक 26 चं. लोखंडी बांधकामाचं आयएस 800 म्हणतं, भोकाच्या मध्यापासून मशीनने कापलेल्या कडेपर्यंत निदान भोकाच्या दीडपट अंतर ठेवा, म्हणजे 39 मिलिमीटर. आधी 22 च्या भोकाला ते 33 होतं. हे सगळं हाताने खोडून पुन्हा काढणारी पिढी होऊन गेली. आमच्याकडे रेव्हिट हे सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक भागाच्या आकडे बदलता येणाऱ्या नमुन्याला 'फॅमिली' म्हणतात आणि त्या आकड्यांना 'पॅरामीटर'. राफ्टरच्या फॅमिलीत प्लेटची फॅमिली, प्लेटच्या फॅमिलीत बोल्टची फॅमिली, आणि बाहेरचा आकडा बदलला की थेट आतपर्यंत सगळं आपोआप हलतं. या 'आपोआप'च्या मागे एक माणूस बसलेला असतो आणि त्याला संध्याकाळी घरी जायला मिळत नाही.

गोम अशी, की बोल्टचा व्यास प्लेटला दिसतो, पण राफ्टरला फक्त प्लेट दिसते. प्लेटच्या पोटात काय आहे याची राफ्टरला गंधवार्ताही नाही. तेव्हा बाहेरून बोल्टपर्यंत हुकूम पोचवायचा तर प्रत्येक पायरीवर त्याच आकड्याची नवी नोंद करा: बोल्टमध्ये 'व्यास', प्लेटमध्ये 'बोल्टचा व्यास', राफ्टरमध्ये 'एंड प्लेटच्या बोल्टचा व्यास'. मग प्रत्येक नोंद तिच्या वरच्या नोंदीशी बांधा. कलेक्टर कचेरीतून निघालेला कागद प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी असं करत तलाठ्यापर्यंत जातो, तसंच हे. मधल्या एका टेबलाने आवक-जावक रजिस्टरला नोंद केली नाही, की वरचा म्हणतो पाठवलं, खालचा म्हणतो मिळालंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

बांधायचं बटण आकड्याच्या शेजारी उजव्या टोकाला असतं. करडं, चौकोनी आणि इतकं बारीक, की ते कुणाला सापडू नये असाच बेत असावा. ते दाबलं की बाहेरच्या पॅरामीटर्सची यादी येते. त्यातला एक निवडला की बटणावर बरोबरचं (=) चिन्ह उमटतं. त्या दोन आडव्या रेघा दिसल्या की मी चहा मागवतो.

पुष्कळदा यादी रिकामीच येते. मग कारण शोधा. लांबीला लांबीच लागते, मटेरियलला मटेरियल. 'नंबर' म्हणून लिहिलेले 24 आणि 'लेंथ' म्हणून लिहिलेले 24 एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. शिवाय आतला पॅरामीटर 'टाइप', म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या नगांना एकच, असेल तर बाहेरचाही 'टाइप'च हवा. बाहेरच्या 'इन्स्टन्स'चं, म्हणजे नगागणिक बदलणाऱ्याचं, तो ऐकून घेत नाही. रेव्हिटचं यात काही चुकत नाही, नियम स्वच्छ आहेत. मात्र आमची बोल्टची फॅमिली कुणीतरी कुठूनतरी नेटवरून उतरवून ठेवलेली होती. तिच्यात पॅरामीटर होते 'एल', 'एल 1', 'एल नवा', 'एल फायनल' आणि 'हा वापरू नये'. सगळा बोल्ट चालत होता तो 'हा वापरू नये'वर.

त्यात साहेबांना शेड्युलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या मालाच्या यादीत, बोल्टांची संख्या हवी. त्यासाठी बोल्टला 'शेअर्ड'ची टिक लागते. ती केली की बोल्ट स्वतंत्र मोजला जातो, पण मग त्याचे टाइप पॅरामीटर बाहेरून बांधता येत नाहीत. मोजून घ्यायचा तर हुकूम चालणार नाही, आणि हुकूम चालवायचा तर मोजणीत येणार नाही. यातून वाट अशी, की 20 चा आणि 24 चा असे दोन टाइप आधीच करून ठेवायचे आणि कुठला बसवायचा ते 'फॅमिली टाइप' नावाच्या पॅरामीटरने ठरवायचं. ते केलं. बोल्ट 24 चा आला, भोक 22 चंच राहिलं, कारण भोकाला कुणी कळवलंच नव्हतं. मॉडेलमध्ये लोखंडातून लोखंड निवांत आरपार गेलं. भोकाला वेगळं बांधलं, तर पडद्यावर 'कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड'. म्हणजे घातलेल्या अटी एकमेकींशी जुळत नाहीत. सोबत त्या अटी काढून टाकायचं बटण. ते दाबलं की तक्रार जाते आणि दुपारभर बांधलेलंही जातं.

नव्याने लागलेला पोरगा मागे उभा राहून हे बघत होता. म्हणाला, "सर, एकच शेड आहे, सगळ्या फ्रेम सारख्या. प्लेट हातानेच काढली असती तर जेवणाआधी झालं नसतं?"

पहिल्याच महिन्यात असं बोलणारी पोरं पुढे टिकत नाहीत. मी त्याला प्रिंटरमध्ये कागद घालायला पाठवलं.

शेवटी सगळं बांधून झालं. बागायतदार मेहुण्यांना घेऊन आले. साहेबांनी माझ्या खुर्चीत बसून 18 पुसून 21 लिहिलं, आणि राफ्टर ताणला गेला, प्लेट उंच झाली, बोल्ट आपापल्या जागी सरकले. मेहुणे खूश. "आता 24 करा बरं!" साहेबांनी केलं. "आता 12!" तेही केलं. कंटेनरचा विषय कुणी काढला नाही. निघताना बागायतदार म्हणाले, "साहेब, याचं पीडीएफ टाका ना व्हॉट्सॲपवर."

म्हणजे एवढ्या बांधाबांधीचं शेवटी न हलणारं चित्र झालं. ते अंबडच्या फॅब्रिकेटरकडे गेलं, तिथे काळं-पांढरं छापलं गेलं, आणि एका सकाळी त्याचा फोन आला.

"भाऊ, तुम्ही प्लेट 18 एमएम जाडीची दिलीये. यार्डात 18 नाही, 20 ची आहे. चालंल ना?"

माझ्या अंगात उत्साह संचारला. "चालेल, चालेल! थांबा, मॉडेलमध्ये एक आकडा बदलतो, बोल्टची लांबीसुद्धा आपोआप..."

"नको भाऊ, मी पेनाने लिहिलंय. भोकं पण मारून झाली."