नवी बॅटरी घेण्याआधी दोन आकडे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मोटरहोमची हाउस बॅटरी (इंजिनाची नव्हे, आतले दिवे, पंप, फ्रिज चालवणारी) रात्रीत का उतरते, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की बॅटरी जुनी झाली की जाते, ही साधी गोष्ट मी मीटर आणि फ्यूजच्या भानगडीत उगाच अवघड केली. दुसरा तुमच्या अनुभवाचा: रात्री मेन स्विच बंद करता, तरी सकाळी 11.9 व्होल्ट दिसतात, म्हणजे वीज खाणारं काही उरत नाही आणि दोष बॅटरीचाच. तिसरा, सामान्य माणसाला बॅटरीच्या वायरी सोडायला लावणं धोक्याचं आहे, त्यापेक्षा सरळ लिथियम बॅटरी बसवावी.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरू करते, कारण बाकीचे दोन त्याच्यावरच उभे आहेत.

मेन स्विच बंद केला की सगळं तुटलं, असं बहुतेक मोटरहोममध्ये होत नाही. गॅसगळतीचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पुष्कळदा मुद्दाम स्विचच्या आधी जोडलेला असतो, कारण माणसं झोपलेली असताना तो बंद पडून चालत नाही. सोलर पॅनेलचं चार्जिंग सांभाळणारा सोलर कंट्रोलर थेट बॅटरीवर असतो. इन्व्हर्टरची जाड केबलही बऱ्याचदा थेट बॅटरीवरूनच निघते, आणि मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी, त्यावर काहीही लावलेलं नसताना, एक-दोन अँपिअर ओढत राहतो. म्हणून ‘स्विच बंद’ आणि ‘प्रवाह शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी मोजल्याशिवाय कळत नाही.

आता तुमचे 11.9 व्होल्ट. बॅटरी 100 अँपिअर-अवरची, म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर शंभर तास पुरवणारी, नेहमीची लेड-ॲसिड आहे असं धरू. पूर्ण भरलेली, काही तास आराम दिलेली अशी बॅटरी 12.7 च्या आसपास दाखवते, निम्मी उतरलेली 12.2 च्या आसपास, आणि 11.9 म्हणजे निदान तीन चतुर्थांश साठा संपला. बॅटरी ठणठणीत असेल तर 75 अँपिअर-अवर दहा तासांत गेले, म्हणजे रात्रभर सात-आठ अँपिअर कुणीतरी ओढत होतं. हे अलार्मचं काम नाही, काहीतरी मोठं चालू राहिलं आहे. उलट, रात्रीचा प्रवाह फक्त अर्धा अँपिअर असेल, तर गेले जेमतेम पाच अँपिअर-अवर. तेवढ्यात ती 11.9 वर आली असेल, तर 100 पैकी तिच्यात सहा-सातच उरले होते. व्होल्ट तेच, पण एका बाबतीत बॅटरी निर्दोष आणि दुसरीत ती संपलेली. नुसता व्होल्टमीटर पाहून यातलं खरं कुठलं हे तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. दोन आकडे लागतात: रात्री बाहेर किती अँपिअर जातात, आणि बॅटरीत खरोखर किती मावतं.

संध्याकाळी 12.6 दिसतात म्हणून ती भरलेली होती, असंही धरू नका. चार्जर बंद केल्या केल्या घेतलेलं वाचन फसवं असतं. शिवाय जुन्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट बसलेलं असलं, तर तिची अवस्था तळाशी गाळ साचलेल्या रांजणासारखी होते. वरून पाहिलं तर काठोकाठ भरलेला, उपसायला घेतलं तर चार तांब्यांत संपणारा.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह केबल सोडा आणि एक रात्र तिला एकटी ठेवा. दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर त्या एकमेकींपासूनही सोडवा, नाहीतर खराब बॅटरी चांगलीला रात्रभर पिऊन टाकते आणि सकाळी दोघी सारख्याच आजारी दिसतात. चांगली लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवून महिन्याला काही टक्केच गमावते, एका रात्रीत फरक दिसायला नको. सकाळी ती 12.2 वर आली असेल तर तुमचं म्हणणं खरं, बॅटरी बदला. 10.5 च्या जवळ गेली असेल तर एक सेल शॉर्ट झाला आहे, पुढे काही तपासायचीही गरज नाही. आणि 12.6-12.7 वर टिकून राहिली, तर तिच्यावर पाच अँपिअरचा ठरलेला लोड पाच तास लावा, लोड काढून तासभर थांबा आणि मोजा. चांगली 100 ची बॅटरी तेव्हा 12.4 च्या आसपास असते. त्याच्या बरीच खाली गेली तर गाळ आहे.

बॅटरी या दोन्हींतून पार पडली, तर चोर बाहेर आहे. सात-आठ अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढणारे चोर थोडेच असतात. गॅस, बाहेरची वीज आणि 12 व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज 12 व्होल्टवर दहा ते पंधरा अँपिअर घेतो. तो फक्त इंजिन चालू असतानाच तसा चालावा म्हणून मध्ये रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, असतो, आणि हा रिले चालूच चिकटून राहिला की फ्रिज रात्रभर बॅटरीवर जगतो. थंडीत हीटरचा पंखा असतोच. एक प्रकार मला फार छळणारा वाटतो: बॅटरीचा चार्जर इन्व्हर्टरच्याच आउटपुटवर जोडला गेलेला असणं. मग बॅटरी इन्व्हर्टरला देते, इन्व्हर्टर चार्जरला, चार्जर परत बॅटरीला, आणि प्रत्येक फेरीत वीज उष्णता होऊन जाते. इंजिनाची आणि घराची बॅटरी वेगळी करणारा रिले चिकटला असेल तर तेही सहज कळतं. इंजिन बंद ठेवून घरातले सगळे दिवे लावा. इंजिनाच्या बॅटरीचे व्होल्टही त्याबरोबर खाली आले, तर दोघी अजून जोडलेल्या आहेत.

धोक्याचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून पद्धत नेमकी सांगते. मल्टीमीटर निगेटिव्हच्या वाटेत लावून मोजलं तर साधारण दहा अँपिअरला त्याचा फ्यूज उडतो, आणि तो लावलेला असताना पंप किंवा इन्व्हर्टर चुकून सुरू होऊ शकतो. त्याऐवजी डीसी, म्हणजे बॅटरीचा प्रवाह, मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा लावून प्रवाह मोजणारा) घ्या; स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात, ते इथे निरुपयोगी. निगेटिव्ह टर्मिनलच्या सगळ्या वायरी एकत्र त्याच्या जबड्यात घ्या, काहीही सोडावं लागत नाही. सगळं बंद असताना दोन-तीन दशांश अँपिअर ठीक आहेत. त्याहून जास्त असेल तर फ्यूज न काढता प्रत्येकाच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलीव्होल्ट मोजा. आकडा दिसला की त्या वाटेने प्रवाह जातो आहे. फ्यूज उपसत बसलं की कधीकधी एखादं सर्किट रीसेट होतं आणि दोष त्या रात्रीपुरता दडून बसतो. रात्रभराच्या चाचणीसाठी केबल सोडताना मात्र हातातली अंगठी काढा, आणि आधी निगेटिव्हच सोडा.

जुनी बॅटरी जाते हे खरं, पण ती कशाने गेली हे विचारायला हवं. लेड-ॲसिड पूर्ण भरायला 14.4 व्होल्टच्या आसपास कित्येक तास चार्जिंग लागतं, शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. लांब, बारीक वायरीतून तिच्यापर्यंत 13.6 च पोचत असतील तर ती कधीच भरत नाही, आणि नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

लिथियमला माझा विरोध नाही, उत्तम बॅटरी आहे. पण दीड अँपिअरची गळती तिथेच राहिली, तर दिवसाला 36 अँपिअर-अवर जातात आणि उभ्या गाडीतली 100 ची लिथियम तिसऱ्या दिवशी स्वतःला बंद करून घेते. तिला वेगळ्या सेटिंगचा चार्जर हवा, इंजिनावर वीज तयार करणारा आल्टरनेटर तापू नये म्हणून मध्ये प्रवाह आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवा, आणि शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही. हा सगळा खर्च एका चिकटलेल्या रिलेसाठी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बॅटरी कुठल्या प्रकारची, एकटी ठेवल्यावर सकाळी किती व्होल्ट, आणि स्विच बंद असताना क्लॅम्पवर किती अँपिअर, एवढं कळवा. सात-आठच्या वर काही निघालं तर उत्तराची वाट पाहू नका, आधी फ्रिजचा रिले तपासा.